नंबर लागेपर्यंत

दिनकर आठल्यांच्या आयुष्यात जे जे चांगलं आलं ते नंबर लागल्यावर आलं. शहात्तर साली नोंदवलेली स्कूटर त्र्याऐंशीत दारात उभी राहिली. टेलिफोनला सात वर्षं लागली, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरला अकरा. एकोणऐंशीच्या योजनेत नोंदवलेल्या फ्लॅटचं पत्र अठ्ठ्याण्णव साली आलं, तेव्हा ते देवापुढे ठेवत बायको अलका म्हणाली, "द्वारकेत मिळालाय म्हणे. सोन्याची आहे का तेवढं बघून या."

दिनकर बघून आले. नळ होते पण पाणी नव्हतं, रस्ते होते पण दिवे नव्हते, आणि जिन्यात कुणाची तरी म्हैस बसलेली होती. तरी चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, एकोणीस वर्षांपूर्वी मिळाला असता तर इतका हवेशीर मिळाला नसता.

ही त्यांची मनापासूनची समजूत होती. थांबलं की वस्तू सुधारते. स्कूटर सात वर्षं उशिरा आली म्हणून तर तिला नवा, लखलखीत दिवा मिळाला. वशिल्यानं आधी घेतलेले त्यांचे सहकारी मिणमिणत्या दिव्यावर रिंग रोड पार करत होते. केंद्र सरकारच्या एका खात्यात तीस वर्षं फायली हलवताना त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की ज्यानं घाई केली त्याला कमी मिळालं. आपल्या सगळ्या नोंदण्यांच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पाकिटांत जपून ठेवल्या होत्या. लग्नाचा अल्बमही त्याच ट्रंकेत, पावत्यांच्या खाली.

मग दिवस बदलले. ज्या वस्तूंसाठी नावं नोंदवायची त्या दुकानात नुसत्या मांडून ठेवलेल्या दिसू लागल्या. रंगीत टीव्ही घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं लगेच खोकं बांधायला घेतलं, तर दिनकर गडबडून म्हणाले, "आज ही?" दुकानदारानं विचारलं, "तो कब?" टीव्ही घरी आला, पण कितीतरी दिवस तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे असंच त्यांना वाटत राहिलं.

दिनकरांचं खरं काम मात्र ऑफिसात नव्हतं. ते होतं त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सहा खणांच्या एका शिसवी पेटीत. एका सरकारी ग्रंथालयाच्या लिलावात मिळालेली ती पेटी मुळात पुस्तकांच्या कार्डांसाठी होती. प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला एक भोक, आणि त्या सगळ्या भोकांतून खणाच्या लांबीची एक पितळी सळई ओवलेली. फक्त या कार्डांवर पुस्तकं नव्हती, माणसं होती. एकोणपन्नास सालापासून दिल्लीत आलेलं प्रत्येक मराठी घर.

ही कल्पना अण्णासाहेब दाबक्यांची. ते सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात नोकरीसाठी दिल्लीला आले आणि दोन वर्षांत त्यांनी मराठी स्नेहमंडळ काढलं. कोण, कुठल्या गावचा, कुठल्या खात्यात, कुठे राहतो, हे तर कार्डावर असेच. पण तळाशी लाल शाईत ते आणखी एक ओळ लिहीत. ‘धावून येणारे’, आणि त्यापुढे दोन घरांची नावं. इथे ना भाऊ, ना मावशी, ना चुलते. रात्रीअपरात्री कुणाला कळवायचं, हे आधीच ठरलेलं असावं. ते घर जवळचं हवं, आणि त्या घरातल्या बाईचं मन मोठं हवं, असे अण्णासाहेबांचे दोनच निकष होते. यमुनेला अठ्ठ्याहत्तर साली पूर आला तेव्हा मॉडेल टाउनातली नऊ मराठी घरं पाण्यात गेली. संध्याकाळच्या आत नऊही घरांतली माणसं कोरड्या गाद्यांवर होती, आणि कुणाकडे कोण जाणार यावर एका शब्दाची चर्चा करावी लागली नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी अण्णासाहेबांनी पेटी दिनकरांच्या हाती दिली. तेव्हापासूनची कार्डं दिनकरांच्या टपोऱ्या देवनागरीत आहेत. त्याआधीची चारशे बारा मात्र मोडीत. अण्णासाहेब मोडी शाळेत शिकलेले. आधी सबंध रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायचं, तसं ते भराभर लिहीत. त्यात त्यांचे स्वतःचे संक्षेप. दिल्लीत ती कार्डं वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि दोन हजार एकच्या दसऱ्याला त्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, डावा डोळा गेलाच, उजवा वर्षभर, फार तर दीड वर्ष.

मंडळाच्या बैठकीत ठरलं, की अण्णासाहेबांनी एकेक कार्ड वाचून दाखवावं आणि दिनकरांनी ते कॉम्प्युटरवर चढवावं. चढवायचं ते फक्त कार्डावरचं नव्हे. अण्णासाहेब कार्ड हातात घेतलं की बोलू लागत, हे सगळ्यांना माहीत होतं. तेही लिहून घ्यायचं. पण अण्णासाहेब मुलाकडे, फरीदाबादला सेक्टर सोळात. ते आता घराबाहेर पडत नसत. टेबलावरचा कॉम्प्युटर काही स्कूटरवर नेता येत नाही. तेव्हा लॅपटॉप. दिनकरांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून ठेवले आणि ते नेहरू प्लेसला गेले.

जमिनीवर सतरंज्या टाकून सीड्या विकणाऱ्यांमधून वाट काढत ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या दुकानात शिरले. काउंटरमागे इंदरजीत बसला होता. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी बांधलेला, सतत वेलदोडा चघळणारा. त्यानं काचेच्या कपाटातून एक काळा लॅपटॉप काढून उघडला. दिनकरांनी कळ दाबून बघितली, झाकण दोनदा लावलं-उघडलं आणि विचारलं, "इसमें मराठी अच्छा चलेगा?"

"चलेगा, साब. थोड़ा धीरे चलेगा. होली तक इससे डबल मेमरी वाला आ रहा है, उसमें दौड़ेगा."

इंदरजीत सहज बोलून गेला. पण दिनकरांचा चेहरा उजळला. दहा वर्षांनी पहिल्यांदाच एका दुकानदारानं त्यांच्या ओळखीची भाषा काढली होती. ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी एक टंकलिखित अर्ज घेऊन परत आले. सविनय निवेदन है कि, अशी सुरुवात, खाली मॉडेलचं वर्णन, पूर्ण पत्ता, टेलिफोन नंबर, आणि सोबत एक कार्बन प्रत.

"ये क्या है, साब?"

"बुकिंग. इस पर आप रिसीव्ड का ठप्पा लगा दीजिए. मेरा नंबर कितना हुआ?"

इंदरजीतनं अर्ज वाचला, पुन्हा वाचला. त्याच्या दुकानात आजवर कुणी नाव नोंदवलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी मात्र नोंदवलं होतं, स्कूटरसाठी. ती पावती त्याला आठवली असावी. त्यानं न हसता ठप्पा मारला आणि प्रतीवर गोल करून आकडा घातला. "एक नंबर, साब."

घरी आल्यावर ती प्रत ट्रंकेत जाताना अलकानं पाहिली.

"अहो, दुकानात लॅपटॉप होता ना?"

"होता की. पण हळू चालतो. होळीला दुप्पट वेगाचा येतोय."

"मग तोपर्यंत वहीत लिहून घ्या. अण्णासाहेब सांगतील, तुम्ही लिहा. पेन तर आहे ना, की तेही होळीला येणार?"

"दोनदा काम कशाला? नकलेची नक्कल केली की चुका होतात. एकदाच काय ते नीट होऊ दे."

मुलगी सृष्टी गुडगावला एका परदेशी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लागली होती. ती बुटाचे बंद बांधता बांधता म्हणाली, "बाबा यार, लॅपटॉप रोजच नवे येतात. हे काय स्कूटर थोडीच आहे? जो मिळतो तो घ्या, चलो, खतम."

"तुमच्या पिढीला थांबणं म्हणजे काय तेच माहीत नाही."

"बिल्कुल नाही माहीत," सृष्टी म्हणाली, आणि खाली तिच्या गाडीचा हॉर्न वाजला.

होळीला इंदरजीतचा फोन आला, "अठाले साब, आपका नंबर आ गया." दिनकर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुप्पट मेमरीचं मशीन खरोखर आलं होतं. पण ते बघत असताना शेजारच्या गिऱ्हाइकाला इंदरजीत सांगत होता, की दिवाळीच्या मॉडेलमध्ये सीडी लिहिण्याची सोय आतच असेल. दिनकर थबकले. चारशे बारा कार्डं फ्लॉपीवर कशी राहणार? फ्लॉपी खराब होते. त्यांच्या ऑफिसात रोज एक खराब होई. अण्णासाहेबांचं तीस वर्षांचं काम, त्याला अर्धवट मशीन लावायचं? त्यांनी खिशातून कागद काढून तिथेच दुसरा अर्ज लिहिला. संदर्भ: माझा पहिला अर्ज. ज्येष्ठता कायम ठेवावी. इंदरजीतनं ठप्पा मारला.

या काळात ते दर पंधरा दिवसांनी फरीदाबादला जात. मथुरा रोडनं, बदरपूर बॉर्डरच्या ट्रकांमधून. सोबत पेटीतला एखादा खण असे, नुसता. अण्णासाहेबांना कार्डं हाताळायला आवडत. ते बोटांनी कडा चाळत बसायचे, आणि चहा यायचा.

"काय रे, आलं का तुझं यंत्र?"

"दिवाळीला, अण्णासाहेब. त्यात सगळं कायमचं राहील."

"कायमचं," अण्णासाहेब म्हणत. "बरं बरं. नंबर लागू दे." ते स्वतः सरकारी नोकरीतले. नंबर लागल्याशिवाय काही मागायचं नाही, हे दिनकरांना त्यांनीच कधीतरी शिकवलं असेल. चष्मा पुसून पुन्हा घालताना त्यांना आता वेळ लागे. त्यांची सून वृंदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दिनकरांकडे बघे आणि कप उचलून नेई.

दिवाळीत दुसरा फोन आला. सीडीवालं मशीन आलं होतं. या वेळी दिनकर खरंच घेणार होते. अलकानं पिशवीत हळदीकुंकवाची पुडी टाकून दिली होती. पण त्यांनी विचारलं, बॅटरी किती वेळ चालते? दोन तास, इंदरजीत म्हणाला. फरीदाबादला वीज दुपारी जाते ती सहा-सहा तास येत नाही, हे दिनकरांनी त्याला सांगितलं. इंदरजीतनं डोकं खाजवलं. प्रामाणिक माणूस होता. मार्चमध्ये नवी चिप येते आहे, म्हणाला, बॅटरी पाच तास चालेल, वजनही निम्मं. दिनकरांनी तिसरा अर्ज लिहिला.

कुंकवाची पुडी तशीच परत आली. अलकानं पुडी फोडली, पेटीच्या सहाही खणांना बोट लावलं आणि दिवा लावायला निघून गेली.

दोन हजार तीनच्या संक्रांतीला दिनकर तिळगूळ घेऊन फरीदाबादला गेले. चार दिवस धुकं होतं. दिवाणखान्यात वीज नव्हती आणि पडदे ओढलेले होते. अण्णासाहेब शाल गुंडाळून आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या मुलानं, विश्वनाथनं, दिनकरांना दारातच हळू आवाजात सांगितलं, "हल्ली तेवढं बोलत नाहीत. पण तुम्ही आलात की खुलतात."

दिनकरांनी तिसरा खण त्यांच्या मांडीवर ठेवला, सळई काढली. अण्णासाहेबांनी मधूनच एक कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"हां. हे कोल्हटकर. रेल्वेतले. चोपन्न साली आले. बाई मोठी धीराची. पंचकुइयाँ रोडवर राहायचे तेव्हा यांच्याकडे पहिला रेडिओ आला, आणि क्रिकेटच्या दिवशी अर्धं मंडळ यांच्या पलंगावर." ते हसले. "लाल शाईत बघ, रानडे आणि गुप्ते. गुप्त्यांची मुलगी पुढे यांचीच सून झाली."

आवाज ठाम होता. बोटही बरोबर लाल ओळीवर फिरत होतं, असं वाटलं. दिनकर कौतुकानं ऐकत होते. मग त्यांचं लक्ष कार्डाच्या वरच्या कडेकडे गेलं. सळईचं भोक वर होतं.

कार्ड उलटं धरलेलं होतं. लाल ओळ अण्णासाहेबांच्या अंगठ्याखाली, वर होती. बोट फिरत होतं ते कोऱ्या जागेवरून.

हे कोल्हटकर आहेत की दुसरंच कुणी, हे सांगणारं आता त्या खोलीत कुणी नव्हतं. अण्णासाहेबांनी कार्ड जपून परत खणात ठेवलं, तेही उलटंच. दिनकरांनी सळई ओवायच्या वेळी ते हळूच सरळ केलं.

"मार्चला येतंय ना यंत्र?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"उद्या," दिनकर म्हणाले.

जाताना वृंदा फाटकापर्यंत आली. "भावजी, अगदीच दिसत नाही असं नाही," ती म्हणाली. "गच्चीत कडक ऊन असलं, भिंग असलं, तर सकाळचे दोन तास दिसतं. पेपरचे मथळे वाचतात. खोलीत काही नाही. पण तुमच्यासमोर कबूल करणार नाहीत. तुम्ही एवढे थांबलात, आता आपलेच डोळे गेले हे तुम्हाला कसं सांगायचं, म्हणतात."

दुसऱ्या दिवशी दिनकरांनी रजा टाकली. नोकरीत पहिल्यांदा, आगाऊ अर्ज न देता. इंदरजीत दुकानाचं शटर वर करत होता तेव्हा ते जिन्यात उभेच होते.

"अठाले साब? अभी तो दो महीने हैं."

"आज क्या है आपके पास?"

"आज तो कुछ नहीं है. सब बिक गया. नया माल मार्च में." मग त्यानं काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "ये डिस्प्ले पीस पड़ा है. वही, जो आपने पहली बार देखा था. पर ये मैं आपको नहीं दूँगा. आपने सवा साल इंतज़ार किया है, साब. एक नंबर पे हो आप. ये तो पुराना हो गया."

"यही दे दीजिए."

"साब, दो महीने..."

"इंदरजीतजी," दिनकर म्हणाले, "मेरा नंबर किसी और को दे दीजिए."

इंदरजीतनं मग ओढून धरलं नाही. कपाट उघडून त्यानं मशीन फडक्यानं पुसलं. ड्रॉवरमधून दिनकरांचे तिन्ही अर्ज काढून पिशवीत घातले, आणि कंपनीनं जाहिरातीला दिलेली, हिशेबातही नसलेली एक उन्हाळी टोपी वर ठेवली.

गच्चीवरचं काम त्या रविवारी सुरू झालं. धुकं उतरून ऊन पडायला अकरा वाजत. अण्णासाहेब पाठ भिंतीला टेकून, हातात भिंग, कार्डावर ऊन घेऊन बसत. आणि पहिल्याच दिवशी दिनकरांच्या लक्षात आलं, की उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरच दिसत नाही. इतक्या अर्जांत हा मुद्दा कुठेच आला नव्हता. वृंदानं खालून एक जाड चादर आणून दिली. मग दिनकर मशीनसकट त्या चादरीत शिरले, जत्रेतल्या जुन्या फोटोग्राफरसारखे, आणि आतल्या अंधारातून ओरडले, "हां अण्णासाहेब, सांगा."

शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या पंजाबी बायका महिनाभर हसल्या. नंतर त्यांना सवय झाली.

मशीन हळूच चालायचं. एक ओळ टाइप केली की ती उमटायला क्षणभर लागे. त्या क्षणात अण्णासाहेब पुढचं आठवून घेत. बॅटरी दोन तासांत संपायची; अण्णासाहेबांचं ऊन आणि डोळाही तेवढ्यातच थकत. फ्लॉपी भरली की ती वृंदा डब्यात ठेवी, दुसरी प्रत दिनकर घरी नेत. ज्या ज्या गोष्टींसाठी थांबलो त्यातली एकही इथे लागत नाही, हे चादरीखाली टाइप करताना दिनकरांना रोज नव्यानं कळे.

एका रविवारी बारा-तेरा कार्डं. कधी एकाच कार्डावर अख्खी सकाळ जाई. मुंज लागत असताना दिल्लीत सापडलेला एकुलता एक भटजी आजारी पडला, आणि रेडिओवर मराठी बातम्या वाचणाऱ्यानं मंगलाष्टकं म्हटली. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत कुण्या जोगांनी निर्वासित शेजाऱ्यांना अर्धी खोली दिली, आणि जोगांची मुलं पुढे आयुष्यभर स्वतःच्या आईला ‘माँजी’ म्हणत राहिली. कोल्हटकरांचं कार्डही आलं, खरं. ते रेल्वेत नव्हते, टपाल खात्यात होते, आणि रेडिओ दुसऱ्या कुणाचा तरी होता. अण्णासाहेबांनी ते कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

"त्या दिवशी चुकलं बहुतेक माझं," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" चादरीतून दिनकर म्हणाले.

जूनमध्ये ऊन सोसेनासं झालं. पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं. दिवाळीनंतर कोवळं ऊन पडल्यावर अण्णासाहेब पुन्हा गच्चीवर आले, भिंग कार्डावर धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग भिंग दिनकरांच्या हातात दिलं. दोनशे एकाहत्तर कार्डं झाली होती. एकशे एकेचाळीस राहिली.

त्यानंतरही दिनकर जात राहिले, तीन वर्षं. ते अण्णासाहेबांचा हात धरून त्यांना गच्चीवर नेत. अण्णासाहेब बोलत, पण आता गोष्टींची घरं सुटली होती. कुणाचा रेडिओ कुणाकडे, कुणाची सून कुणाची. दिनकर सगळं ऐकत, टाइप करत नसत. अण्णासाहेब गेले तेव्हा विश्वनाथनं पहिला फोन सरोजिनीनगरला, दिनकरांकडे केला. कुणाला कळवायचं हे त्याला शोधावं लागलं नाही.

दोन हजार नऊमध्ये दिनकर निवृत्त झाले आणि द्वारकेच्या त्या हवेशीर फ्लॅटमध्ये राहायला गेले. आता पाणी होतं, दिवे होते, खालून मेट्रो जात होती. पेटीतल्या पत्त्यांचं काम मंडळाची तरुण मुलं फोनवर करू लागली. कुणाला कुणाचा पत्ता लागत नाही, नंबर पुरतो. शिसवी पेटी खिडकीशी होती. शेजारी तो काळा लॅपटॉप, सतत वायर लावलेला, कारण त्याच्या बॅटरीत आता पाच मिनिटांचाही जीव नव्हता. सृष्टीनं दोनदा नवा आणून द्यायचं म्हटलं. "राहू दे," दिनकर म्हणाले, "हा चालतोय."

पुण्याहून त्यांनी मोडीचं एक लहानसं पुस्तक मागवलं आणि साठाव्या वर्षी रोज सकाळी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लटकवू लागले. अलका भाजी निवडत म्हणे, "कितवी यत्ता?" पहिलं वर्ष नुसती अक्षरं सुटी करण्यात गेलं. अण्णासाहेबांचे संक्षेप उलगडायला आधी टाइप केलेली दोनशे एकाहत्तर कार्डं उपयोगी पडली. मग उरलेली एकेक वाचता येऊ लागली. नाव, गाव, खातं, पत्ता, लाल ओळ. एवढंच. त्यामागचा आवाज आता कुठे मिळणार नव्हता. दिनकर तेवढंच टाइप करत आणि खाली जागा कोरी सोडत.

अण्णासाहेबांनी कार्डं आडनावांप्रमाणे लावली नव्हती, दिल्लीत आल्याच्या क्रमानं लावली होती. त्यामुळे एका मार्चच्या सकाळी दिनकरांच्या हाती तीनशे अडतिसावं कार्ड आलं आणि पहिल्याच ओळीत त्यांना स्वतःचं नाव लागलं.

आठल्ये, दिनकर. राजापूर. एकाहत्तर, ऑगस्ट. लाजपतनगर, गच्चीवरची खोली.

बावीस वर्षांचे होते ते. दुसऱ्या उन्हाळ्यात कावीळ झाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं; सांगायचं कुणाला हेच कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली आणि अण्णासाहेबांच्या पत्नी, काकू, मऊ भाताचा डबा घेऊन उभ्या होत्या. मग तो डबा एकवीस दिवस येत राहिला. त्यांना कसं कळलं, हे दिनकरांनी कधी विचारलं नाही. मंडळाची पद्धत असेल, असं धरून चालले.

त्यांनी भिंग खाली सरकवलं. लाल शाई फिकट गुलाबी झाली होती.

धावून येणारे: दाबके.

दुसऱ्या नावाची जागा रिकामी होती. तिथे बारीक अक्षरात एक वाक्य होतं. ते सोडवायला त्यांना पुस्तक दोनदा उघडावं लागलं. ‘मुलगा भिडस्त. स्वतः बोलावणार नाही. आठवड्यातून एकदा आपणच जाऊन बघावे, वाट पाहू नये.’

खालून मेट्रो गेली. पेटीचे खण किंचित थरथरले आणि पुन्हा स्थिर झाले.

"काय हो, लागलं का?" अलकानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"लागलं."

"कुणाचं आहे?"

दिनकरांनी लॅपटॉपचं झाकण उघडलं. पडदा उजळायला नेहमीसारखाच वेळ लागला. तोवर ते कार्डाच्या कडेवरून, सळईच्या भोकापर्यंत, बोट फिरवत बसले.

"तू ये इकडे," ते म्हणाले. "वाचून दाखवतो."